गोचीड चावला अन् मटण सुटलं

रात्री साडेआठला मटणाचं जेवण झालं. बारा-एकच्या सुमारास तळहात, तळपाय खाजायला लागले, अंगभर गांधी उठल्या, पोटात मुरडा आला. अशा वेळी आपण काय करतो? ‘पित्त उठलंय’ म्हणतो, आमसुलाचं पाणी अंगाला लावतो आणि सकाळची वाट बघतो. बहुतेक वेळा तेवढ्यानं भागतंही. पण हे घर अमेरिकेच्या पूर्वेकडच्या किंवा दक्षिणेकडच्या एखाद्या राज्यात असेल, तर मैत्रिणींनो, सकाळची वाट बघण्यात धोका आहे.

आपल्यापैकी कितीतरी जणींची लेक नाहीतर सून तिकडे नांदते आहे. तिच्या बाळंतपणाला म्हणून आपण सहा-सहा महिने जातो. संध्याकाळी नातवंडाला घेऊन मागच्या गवतात बसतो, झाडीतून फिरायला जातो. पिशवीत मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या असतातच. म्हणूनच या दुखण्याची माहिती आपल्याला हवी.

हे आहे तरी काय?

तिकडे ‘लोन स्टार’ नावाचा एक गोचीड आढळतो. त्याच्या मादीच्या पाठीवर पांढरा ठिपका असतो. गाय, बकरी, मेंढी, डुक्कर, हरीण अशा सस्तन प्राण्यांच्या शरीरात ‘अल्फा-गॅल’ नावाची एक साखर असते; माणसाच्या शरीरात ती नसते. (ही साखर म्हणजे चहातली नव्हे हं, आणि रक्तातली साखर वाढण्याशीही तिचा संबंध नाही.) हा गोचीड चावला की काही जणांचं शरीर या साखरेला शत्रू मानायला लागतं. मग जन्मभर आवडीनं खाल्लेलं मटणही सोसेनासं होतं.

याचा शोध लागला तो कर्करोगाच्या एका औषधामुळे. सेटुक्सिमॅब हे औषध दिल्यावर अमेरिकेच्या आग्नेय भागातल्या काही रोग्यांना पहिल्याच डोसला जबरदस्त ऍलर्जी येई, इतर भागांत मात्र ती क्वचितच दिसे. व्हर्जिनिया विद्यापीठातले डॉ. थॉमस प्लॅट्स-मिल्स आणि त्यांचे सहकारी यांनी 2008 साली दाखवलं, की या रोग्यांच्या रक्तात अल्फा-गॅलविरुद्धची प्रतिद्रव्यं आधीपासूनच होती. लाल मांसाचा संबंध 2009 साली पुढे आला. गंमत म्हणजे डॉक्टरसाहेबांना स्वतःलाच डोंगरात फिरताना गोचीड चावले आणि पुढे मेंढीचं मांस खाल्ल्यावर मध्यरात्री अंगावर गांधी उठल्या! अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या 2023 सालच्या अंदाजाप्रमाणे तिथे साडेचार लाखांपर्यंत लोकांना हा त्रास असू शकेल.

घड्याळाकडे बघा

शेंगदाण्याची किंवा कोळंबीची ऍलर्जी बहुधा खाल्ल्याबरोबर कळते. ही मात्र दोन ते सहा तासांनी उठते. त्यामुळे ‘आत्ता काय खाल्लं?’ हा प्रश्न उपयोगाचा नाही. ‘रात्री काय खाल्लं होतं?’ असं विचारायला हवं. शिवाय दर वेळी त्रास होतोच असं नाही, आणि काहींच्या अंगावर एकही गांध न उठता नुसतं पोट दुखतं, उलट्या-जुलाब होतात. मग आम्लपित्त, पित्ताशयातले खडे, बाहेरचं खाणं अशा कशाकशावर ते ढकललं जातं. म्हणून एका वहीत जेवणाची वेळ, पदार्थ आणि त्रासाची वेळ लिहून ठेवा. डॉक्टरांना ती वही दाखवून रक्ताची तपासणी करता येते.

आधीचं दुखणं असेल तर

खरी कसोटी इथे लागते. मधुमेह असलेल्या बाईला मध्यरात्री घाम फुटला, चक्कर आली, तर घरचे ‘साखर उतरली’ म्हणून सरबत पाजतात. साखर जरूर तपासा; पण आकडा ठीक असेल आणि जोडीला खाज, ओठांना सूज किंवा धाप असेल, तर ही ऍलर्जी समजा.

रक्तदाबाच्या काही गोळ्या, विशेषतः ऍटेनोलॉल, मेटोप्रोलॉल या जातीच्या, चालू असतील तर ऍलर्जीवरच्या ऍड्रेनॅलिनच्या इंजेक्शनचा गुण कमी येऊ शकतो. म्हणून गोळ्या मनानं बंद करायच्या नाहीत बरं का. डॉक्टरांना दोन्ही गोष्टी एकदम सांगायच्या. गुडघेदुखीसाठी घेतलेली वेदनाशामक गोळी, मद्य किंवा जेवणानंतरचा भरभर व्यायाम यांनीही हा त्रास वाढू शकतो.

‘आम्ही शाकाहारी, आम्हाला काय त्याचं?’ असं कुणी म्हणेल. पण औषधाच्या कॅप्सूलचं कवच पुष्कळदा जिलेटिनचं, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यापासून केलेलं असतं. रक्त गोठू नये म्हणून देतात ते हेपारिन डुकराच्या आतड्यापासून बनतं. हृदयाच्या काही कृत्रिम झडपा गाईच्या वा डुकराच्या ऊतींच्या असतात. प्रत्येकीलाच यांचा त्रास होतो असं नव्हे; पण शस्त्रक्रियेआधी सर्जनला आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना हे सांगायलाच हवं. आपल्या औषधांची यादी आणि ‘अल्फा-गॅलची ऍलर्जी’ ही ओळ इंग्रजीत लिहून पर्समध्ये ठेवा.

स्वयंपाकघरात

कोंबडी, मासे, अंडी, डाळी-उसळी खुशाल करा. मटण, खिमा, कलेजी-गुर्दा आणि नुसता रस्सासुद्धा बंद. मटणाचा डाव कोंबडीच्या पातेल्यात घालू नका. चिकन सॉसेजचं वेष्टन डुकराच्या आतड्याचं असू शकतं, ते विचारून घ्या. जेली, मार्शमेलो आणि मुलांच्या चघळायच्या व्हिटॅमिनच्या गोळ्यांत जिलेटिन असतं. जेलीऐवजी चायना ग्रास वापरा, ते समुद्रातल्या शेवाळाचं असतं. दूध-तूप बहुतेकींना सोसतं, काहींना सोसत नाही. ते डॉक्टरांना विचारून ठरवा, उगाच सगळंच सोडून हाडं ठिसूळ करून घेऊ नका.

पुन्हा चावू देऊ नका

गोचीड पुन्हा चावला नाही तर काहींच्या रक्तातली प्रतिद्रव्यं वर्षा-दोन वर्षांत उतरतात. म्हणून गवतात जाताना पूर्ण बाह्या आणि पायमोजे घाला, सलवार मोज्यात खोचा. घरी आल्यावर कपडे ड्रायरमध्ये कडक उष्णतेवर दहा मिनिटं फिरवा. अंघोळ करताना काखा, जांघा, गुडघ्यामागची जागा आणि केसांची मुळं चाचपून बघा. गोचीड चिकटलेला दिसला तर त्यावर तेल ओतू नका, काडी लावू नका. बारीक चिमट्यानं कातडीच्या अगदी लगत धरून सरळ वर ओढा.

आणि सर्वांत महत्त्वाचं. श्वास घ्यायला त्रास झाला, घसा आवळला, भोवळ आली, तर आमसूल राहू द्या आणि आवळासरबतही. डॉक्टरांनी ऍड्रेनॅलिनचं पेन दिलेलं असेल तर ते मांडीत टोचा आणि लगेच 911 फिरवा. ‘एवढ्या रात्री जावयांना कशाला उठवायचं?’ हा संकोच अगदी नको. जावयांना उठवा, खुशाल उठवा.