गालिच्याकडून शिकलेलं संगीत

अनातोलियातल्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या भटक्या टोळ्यांनी विणलेला एखादा जुना गालिचा चांगल्या उजेडात पसरून पाहावा. त्यातला निळा एकच निळा नसतो. नजर खालून वर नेत गेलं की एका आडव्या रेषेवर तो किंचित फिका होतो, वीतभर पुढे पुन्हा गडद होतो, मग त्यात हिरवट झाक येते. या छटाबदलाला गालिच्यांच्या जगात ‘अब्राश’ म्हणतात. मॉर्टन फेल्डमन या अमेरिकन संगीतकाराने आयुष्याच्या शेवटच्या दहाएक वर्षांत जे अफाट लांबीचं, अतिशय हळू आवाजातलं संगीत लिहिलं, ते समजून घ्यायचं तर मला ही आडवी रेषाच सर्वांत जवळची वाट वाटते.

अब्राश का होतो? भटक्यांच्या तळावर रंगाची भांडी लहान असायची आणि पाणी मुक्कामागणिक वेगळं. लाल रंग मंजिष्ठेच्या कुळातल्या एका झुडपाच्या मुळांचा; तो पक्का बसावा म्हणून लोकर आधी तुरटीच्या पाण्यात भिजवायची. निळा निळीचा. हाताने कातलेला धागा कुठे जाड, कुठे घट्ट पिळाचा, त्यामुळे रंगही कुठे जास्त पितो, कुठे कमी. एका वेळी रंगवलेली लोकर संपली की पुन्हा भांडं चढवायचं, आणि दुसऱ्या खेपेचा रंग पहिल्याशी तंतोतंत जुळणं जवळजवळ अशक्य. गालिचा तळापासून वर, एकेक आडवी ओळ पुरी करत विणला जातो, म्हणून नव्या लोकरीची छटाही आडवीच उतरते. थोडक्यात, त्या घरातली निळी लोकर कधी संपली होती, हे गालिचा आपल्याला शंभर-दीडशे वर्षांनंतरही दाखवतो!

विणकामाची रीत सांगायला सोपी आहे. उभे धागे, म्हणजे ताणा, आधी मागावर ताणून बसवायचा. शेजारच्या दोन धाग्यांभोवती लोकरीचा तुकडा गुंडाळायचा, त्याची दोन्ही टोकं मधून बाहेर ओढायची आणि कापायची. ही एक गाठ. ओळभर गाठी झाल्या की आडवा धागा घालायचा, जड फणीने ठोकून बसवायचा आणि पुढची ओळ धरायची. एका चौरस इंचात 80 गाठी धरल्या, तर 4 फूट रुंद आणि 6 फूट लांब गालिच्याला 2,76,480 गाठी लागतात. यातली प्रत्येक गाठ बोटांनी घातलेली आहे आणि प्रत्येकीचा रंग घालण्याआधी कुणीतरी ठरवलेला आहे.

मला थक्क करते ती यापुढची गोष्ट. भटक्यांचा माग जमिनीवर आडवा मांडलेला असतो. मुक्काम हलला की तो उचलायचा, जनावरावर लादायचा आणि नव्या तळावर पुन्हा मांडायचा. विणून झालेला भाग पुष्कळदा गुंडाळलेला असतो. म्हणजे विणणाऱ्या बाईला आपण आधी काय केलं ते पूर्ण दिसत नाही आणि पुढचं तर अजून जन्मालाच आलेलं नसतं. समोर नकाशा नसतो. नक्षी आईकडून, आजीकडून हातात आलेली असते. खालच्या टोकाला एक तारा विणला होता. कित्येक आठवड्यांनी वरच्या टोकाला त्याचा जोडीदार विणायचा, तो आठवणीतून. दोन्ही तारे एकाच घरातले असतात, पण जुळे नसतात. एकाची पाकळी एका गाठीने रुंद असते, दुसऱ्याचा मधला ठिपका पिवळ्याऐवजी तांबडा असतो. काठाची वेल कोपऱ्यापर्यंत येते आणि तिथे जागा संपली म्हणून अर्ध्या फुलावर तुटते. शेजारचा काठ तिथून आपली वेगळी सुरुवात करतो. शहरी कारखान्यातला कारागीर चौकटींच्या कागदावर आधी हिशोब करून हा कोपरा सुबक वळवून घेतो.

काश्मीरमध्ये तर गालिच्याची नक्षी अक्षरशः वाचली जाते. तिथे ‘तालीम’ नावाची लिपी आहे: कोणत्या रंगाच्या किती गाठी, हे खुणांनी लिहिलेल्या कागदी पट्ट्या. एकाने त्या लयीत वाचायच्या आणि मागावर बसलेल्यांनी ओळ ऐकून गाठी घालायच्या. स्वरलिपीवरून वाजवणाऱ्या वादकवृंदाशी याचं नातं चटकन लक्षात येतं. फेल्डमनला मात्र भुरळ पडली ती लिपी नसलेल्या, आठवणीवर चालणाऱ्या गालिच्यांची.

फेल्डमन 1926 मध्ये न्यूयॉर्कला जन्मला. घरचा धंदा लहान मुलांचे कोट शिवण्याचा. संगीत लिहीत असतानाही कित्येक वर्षं तो त्या धंद्यात काम करत होता. तरुणपणी त्याचा वावर संगीतकारांइतकाच चित्रकारांमध्ये होता. मार्क रॉथको आणि फिलिप गस्टन हे त्याचे मित्र. 1971 ची त्याची ‘रॉथको चॅपल’ ही रचना रॉथकोच्या चित्रांसाठी बांधलेल्या ह्यूस्टनमधल्या वास्तूकरता आहे. सत्तरच्या दशकात त्याला मध्यपूर्वेतल्या गालिच्यांचा नाद लागला आणि तो ते जमवू लागला. 1977 च्या त्याच्या एका व्हायोलिन-पियानोच्या रचनेचं नाव ‘स्प्रिंग ऑफ खोसरोज’ आहे. हे नाव एका दंतकथेइतक्या प्रसिद्ध गालिच्याचं: इराणच्या खोसरो या सासानी सम्राटाच्या टेसिफोन शहरातल्या राजवाड्यातला, रत्नं आणि सोन्याच्या धाग्यांनी वसंतातली बाग उभी करणारा गालिचा. 637 मध्ये अरब सैन्याने शहर जिंकल्यावर तो लूट म्हणून कापून वाटला गेला, असं इतिहासकार सांगतात.

आता कुणालाही वाटेल, गालिच्यावरून संगीत सुचलं म्हणजे त्यात तुर्की चाली आल्या असतील, एखादा पौर्वात्य स्वरसमूह आला असेल. तसलं काहीच नाही. फेल्डमनने गालिच्याची नक्षी उचललीच नाही, विणणाऱ्या बाईची काम करण्याची रीत उचलली. तीन-चार स्वरांचा एक लहानसा आकार तो घेतो आणि परत परत मांडतो. तिसऱ्यांदा एक स्वर कणभर उशिरा येतो. पाचव्यांदा मधली शांतता लांबते. मग तेच स्वर खालच्या सप्तकात उतरतात किंवा त्यांचा क्रम उलटतो. ऐकताना प्रश्न पडतो, हे मघाचंच आहे का? आहेही आणि नाहीही. हा ध्वनीतला अब्राश आहे. 1981 मध्ये त्याने ‘क्रिपल्ड सिमेट्री’ नावाचा निबंध लिहिला. गालिच्यांनी आपल्या सममितीच्या कल्पना कशा हलवल्या, आरशातल्या प्रतिबिंबाशी जवळजवळ जुळणारी, पण पुरती न जुळणारी आकृती जास्त जिवंत का वाटते, हे त्यात येतं. दोन वर्षांनी त्याच नावाची सुमारे दीड तासाची रचनाही आली.

त्याआधीची, 1978 ची ‘व्हाय पॅटर्न्स?’ तर मला गालिच्याचीच मांडणी वाटते. बासरी, पियानो आणि धातूच्या पट्ट्यांचं झंकारणारं वाद्य ग्लॉकनश्पील असे तीन वादक. तिघांना तीन वेगळे धागे दिलेले, प्रत्येकाची मोजणी आपापली. ते शेजारी शेजारी चालतात, पण त्यांना एकमेकांशी नेमकं जुळवून घ्यायचं नसतं. अगदी शेवटच्या भागात मात्र तिघं एका मापात येतात. आणि 1981 च्या ‘ट्रायाडिक मेमरीज’ या पियानोच्या रचनेत ऐकणाऱ्याच्या स्मृतीची दिशाभूल करणं हाच त्याचा जाहीर हेतू होता. गुंडाळलेल्या गालिच्यापुढे बसलेल्या विणकरणीची जागा तो श्रोत्याला देतो. मागचं नीट आठवत नाही, पुढचं दिसत नाही, हातात फक्त ही ओळ.

लांबीचा उगमही मला इथेच दिसतो. 1983 च्या त्याच्या दुसऱ्या स्ट्रिंग क्वार्टेटला, म्हणजे चार तंतुवाद्यांच्या रचनेला, सलग सुमारे सहा तास लागतात. गाठ लहान असते, म्हणून गालिचा लहान असावा लागत नाही. चित्र एका नजरेत मावतं; विणकाम काळात घडतं, ओळीमागून ओळ, मागे फिरून खोडता न येणारं. ही गोष्ट संगीताला इतकी जवळची आहे की ती एखाद्या संगीतकाराला माग पाहून सुचावी, याचं नवल ओसरत नाही.

ऐकायची सुरुवात मात्र ‘कॉप्टिक लाइट’पासून करावी. अर्ध्या तासाच्या आतबाहेरची ही रचना न्यूयॉर्क फिलहार्मोनिकने 1986 मध्ये प्रथम वाजवली. तिचं मूळ पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातल्या कॉप्टिक, म्हणजे इजिप्तच्या जुन्या ख्रिस्ती समाजाच्या, कापडांत आहे. इजिप्तच्या कोरड्या वाळूत, थडग्यांमध्ये दीड हजार वर्षं टिकलेली ही कापडं. त्यांतल्या पुष्कळांमध्ये ताणा जवसाच्या, न रंगवलेल्या धाग्याचा आणि नक्षी रंगीत लोकरीची. इथे गाठ नसते. आडवा रंगीत धागा काठापासून काठापर्यंत न जाता आपल्या आकाराच्या हद्दीपर्यंतच जातो आणि तिथून परत फिरतो. शेजारच्या रंगाचा वेगळा धागा. आपल्या पैठणीच्या पदरावरचा मोर आणि आसावली याच तत्त्वावर विणली जातात. येवल्याचा विणकर प्रत्येक रंगाची वेगळी तिल्ली, म्हणजे धागा गुंडाळलेली लहान कांडी, चालवतो आणि हद्दीवर दोन रंगांचे धागे एकमेकांत अडकवून घेतो, म्हणून अस्सल पैठणीची नक्षी मागच्या बाजूनेही जवळजवळ तशीच स्वच्छ दिसते.

‘कॉप्टिक लाइट’मध्ये सबंध वादकवृंद असाच रंगवार वाटलेला आहे. पियानोला पॅडल असतं, ते दाबलं की स्वर रेंगाळतात. वादकवृंदाला ते नसतं, हे सिबेलियस या फिनिश संगीतकाराचं निरीक्षण फेल्डमनच्या मनात होतं. म्हणून त्याने वाद्यांच्याच एकमेकांवर चढणाऱ्या थरांतून ते रेंगाळणं निर्माण केलं. एक थर विरायच्या आत दुसरा त्याच्यावर आलेला असतो. पहिली काही मिनिटं हा नुसता धूसर गोंगाट वाटेल. चाल शोधायची नाही. एक वाद्य धरावं, समजा तारा छेडून वाजवायचं हार्प, आणि तेवढ्याच धाग्यामागून जावं. त्याचा आकार परत येतो, कधी अर्धं पाऊल आधी, कधी नंतर. तो ओळखीचा झाला की दुसरं वाद्य धरावं.