घाम निथळतो, पण अंग निवत नाही



अमेरिकेच्या दक्षिणेला अलाबामा राज्यात मोबील नावाचं बंदर आहे. तिथून थेट कॅनडातल्या ओवेन साउंड गावापर्यंत सुमारे ३,२०० किलोमीटरचा सायकलमार्ग आखलेला आहे. त्याचं नाव ‘अंडरग्राउंड रेलरोड’, म्हणजे भूमिगत रेल्वे. खरं तर तिथे ना रूळ होते, ना गाडी. मळ्यांवरून पळून उत्तरेकडे निघालेल्या कृष्णवर्णीय गुलामांना लपवणाऱ्या, जेवू घालणाऱ्या, नदीपार पोहोचवणाऱ्या माणसांच्या गुप्त साखळीला हे नाव पडलं होतं. सायकलस्वारांची एक संस्था आणि पिट्सबर्ग विद्यापीठातलं अल्पसंख्याकांच्या आरोग्याचं केंद्र यांनी मिळून हा मार्ग तयार केला. इतिहास आणि आरोग्य एकाच रस्त्यावर आणले. बाबासाहेबांनी १९४६ साली कृष्णवर्णीयांचे नेते डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहिलं होतं. त्यामुळे हा रस्ता आपल्याला परका नाही.

या रस्त्यावरचा उन्हाळ्यातला एक दिवस कसा जातो ते पाहू. त्यात आपल्या कामाचा धडा आहे.

मोबीलच्या उत्तरेला टॉम्बिगबी नदीचं खोरं लागतं. दलदल, पाईनची झाडी, छोटे चढउतार. सामान लादलेली सायकल घेऊन जाणकार स्वार उजाडताच निघतो. सकाळी नऊ-दहापर्यंत कपडे ओलेचिंब होतात. तापमान ३२ अंश असतं. आपण म्हणू, एवढंच? पण हवेत ७० टक्के दमटपणा असला, तर सावलीतही शरीराला ते ४१ अंशांसारखं वाटतं.

याचं कारण सोपं आहे. घाम नुसता आल्याने अंग थंड होत नाही, तो वाळला की होतं. ओली चादर कोरड्या हवेत पटकन वाळते, पावसाळ्यात दोन दिवस तशीच राहते. घामाचंही तसंच. दमट हवेत तो वाळत नाही, नुसता निथळतो. पाणी आणि मीठ बाहेर जातं आणि उष्णता आतच राहते. सायकल चालू असते तोवर वारा लागतो. चढावर वेग कमी झाला की वारा थांबतो आणि डोकं गरगरायला लागतं.

म्हणून तो स्वार तहान लागायची वाट पाहत नाही, थोडं थोडं पाणी पीत राहतो. पाण्यासोबत खारवलेलं काही खातो, कारण तासन्‌तास घाम गाळून नुसतंच भरपूर पाणी प्यायलं तर रक्तातलं मीठ घातक पातळीपर्यंत उतरू शकतं. भर दुपारी तो सावलीत थांबतो. मुक्कामी अंग धुऊन, कोरडं करून मगच झोपतो, नाहीतर घामोळं आणि मांड्यांचं काचणं दुसऱ्या दिवशी बसू देत नाही. आणि पहिल्या दिवशी तो लांब पल्ला मारत नाही. शरीराला अशा हवेची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात.

मुंबई-ठाण्याच्या वस्त्यांतून सायकलवर पाव-दूध टाकणारे, हातगाडी ओढणारे, गटारसफाई करणारे आपले लोक अशाच हवेत राबतात. घरी आलं तर वर तापलेला पत्रा. त्यांच्यासाठी हे लक्षात ठेवा:

• एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. किंवा ओआरएसचं पाकीट, त्यावर लिहिलं असेल तेवढ्याच पाण्यात. रक्तदाब, मूत्रपिंड वा हृदयाचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. मधुमेहींनीही साखरेबद्दल विचारावं.

• लघवी गडद पिवळी झाली तर पाणी कमी पडतंय.

• डोकेदुखी, मळमळ, पायात गोळे, चक्कर: काम लगेच थांबवा. सावली, वारा, ओलं फडकं.

• माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला किंवा बेशुद्ध झाला तर तो उष्माघात समजा. अंगाला घाम आहे म्हणून गाफील राहू नका. १०८ ला फोन करा. गाडी येईपर्यंत अंगावर पाणी ओता, जोरात वारा घाला, मान, काखा आणि जांघेत बर्फ ठेवा. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका.

• आजारातून उठलेला किंवा गावाहून नव्याने आलेला माणूस पहिला आठवडा निम्मंच काम करील असं पाहा.

सायकलस्वार दुपारी थांबतो, कारण थांबणं त्याच्या हातात आहे. त्याच खोऱ्यातल्या मळ्यावर राबणाऱ्या गुलामाच्या हातात ते नव्हतं. आपल्या मजुराच्या हातात तरी कुठे पूर्ण आहे? मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी कारखान्यातल्या कामाचे तास कमी करणारं विधेयक मांडलं आणि १९४६ च्या दुरुस्तीने आठवड्याचे ५४ तास ४८ वर आले. विश्रांती ही मालकाची मेहेरबानी नव्हे, हे त्यामागचं तत्त्व. तेव्हा मुकादमाकडे, ठेकेदाराकडे तीन गोष्टी मागा: पिण्याचं पाणी, सावली आणि भर दुपारी सुट्टी. एकट्याने नको, सगळ्यांनी मिळून मागा.

पुढच्या रविवारी विहारात वंदनेनंतर दहा मिनिटं काढा आणि वरची यादी मोठ्याने वाचून दाखवा. ज्याला वाचता येत नाही, त्याच्याच कामी ती आधी येईल.