एका गावी दोन शाळा

१८७६ च्या तहाने कोरियाची बंदरे जपानला खुली झाली आणि पुसान, सेऊल आदी ठिकाणी जपानी व्यापारी व कारागीर सहकुटुंब येऊन राहू लागले. १९१० साली जपानने कोरिया आपल्या राज्यास जोडला, तेव्हा त्यांची संख्या सुमारे पावणेदोन लाख होती. १९४० च्या सुमारास ती सात लाखांजवळ गेली.

आपल्या मुलांसाठी या रहिवाशांनी ‘शाळा-संघ’ स्थापन केले. संघ सभासदांकडून पट्टी गोळा करी व सरकार अनुदान देई. शिक्षणक्रम मायदेशातीलच, सहा वर्षांचा असे; त्यामुळे कुटुंब परतले तरी मुलाची इयत्ता बुडत नसे. जवळजवळ प्रत्येक जपानी मूल शाळेत जाई.

कोरियन मुलांची शाळा निराळी होती. १९११ च्या हुकुमान्वये तिचा शिक्षणक्रम सामान्यतः चारच वर्षांचा ठरला. शाळा थोड्या, त्यांतही फी भरावी लागे. म्हणून बहुसंख्य मुले पटाबाहेरच राहिली. शिकविण्याचे माध्यम जपानी होते. मातृभाषा हा केवळ एक विषय उरला. १९१९ पर्यंत सरकारी शाळांतील शिक्षक कमरेस तलवार लावून वर्गात येत.

१९१९ च्या देशव्यापी चळवळीनंतर, १९२२ साली नवा हुकूम निघाला. कोरियन शाळाही सहा वर्षांची झाली. मात्र ‘नित्य जपानी बोलणारे’ व ‘न बोलणारे’ असे मुलांचे दोन वर्ग केले गेले. वंशाचा उल्लेख गेला, पण भिंत राहिली. एकमेकांच्या शाळेत जाणारी मुले अपवादानेच आढळत. १९२९ मध्ये क्वांगजू येथे आगगाडीने ये-जा करणाऱ्या जपानी व कोरियन विद्यार्थ्यांत झालेल्या तंट्यातून देशभर विद्यार्थ्यांचे आंदोलन पसरले.

१९३८ साली दोन्ही शाळांना एकच नाव मिळाले. त्याच वेळी कोरियन भाषा ऐच्छिक ठरली. १९४५ मध्ये जपानी राज्य संपले, रहिवासी परतले व त्यांच्या शाळा बंद झाल्या. १९४१ साली दिलेले ‘राष्ट्रीय शाळा’ हे नाव मात्र दक्षिण कोरियाने १९९६ मध्ये बदलले.

जपानी मुलाला घरची भाषाच पुस्तकात भेटे. कोरियन मुलाला पहिल्याच दिवशी परकी भाषा ऐकावी लागे. नियमाच्या शब्दांत भेद दिसला नाही, तरी पहिल्या इयत्तेच्या बाकावर तो दिसतो. ज्याची घरची बोली पुस्तकाहून वेगळी आहे, असे मूल वर्गात गप्प बसले, तर शिक्षकाने त्यास मंद समजू नये. प्रथम त्याच्या बोलीत त्याच्याशी बोलावे.