सॉरीच्या देशातले सौदे

कॅनडाचा माणूस खांबाला धडकला तर खांबालाच ‘सॉरी’ म्हणतो, असा विनोद आहे. ऑन्टॅरिओ प्रांताने 2009 साली त्यासाठी चक्क कायदाच केला. कुणी दिलगिरी व्यक्त केली, तर दिवाणी दाव्यात ती चुकीची कबुली धरायची नाही. थोडक्यात, सॉरी खुशाल म्हणा, वकील डोळे वटारणार नाही. अशा सोज्वळ देशात वर्तमानपत्रं, रेडिओ, थिएटरं आणि शेअर यांचे सौदे कसे झाले, त्याचं हे फरसाण. हाताला जे लागेल ते आधी.

आईचे पैसे नकोत

पत्रकाराला पैसा जमत नाही, हे आमच्या धंद्यात छातीठोकपणे सांगितलं जातं. पण 15 डिसेंबर 1979 रोजी मॉन्ट्रियलमध्ये दोन पत्रकार स्क्रॅबल खेळायला बसले आणि बघतात तर सोंगट्या हरवलेल्या. एक ‘गॅझेट’चा फोटो संपादक ख्रिस हेनी, दुसरा कॅनेडियन प्रेस या वृत्तसंस्थेचा क्रीडा पत्रकार स्कॉट अ‍ॅबट. आपलाच एक खेळ काढू की, असं म्हणत त्यांनी जो काढला तो सामान्यज्ञानाच्या प्रश्नोत्तरांचा ‘ट्रिव्हियल पर्स्यूट’.

बाजाराची माहिती कशी काढली, तेही ऐका. खेळण्यांच्या प्रदर्शनात हे दोघे बातमी करायला आल्याच्या थाटात कॅमेरा घेऊन फिरले आणि कारखानदारांकडून धंद्याची सगळी गुपितं फुकटात वदवून घेतली. पत्रकार होतेच, त्यामुळे सोंग अर्धंच घ्यावं लागलं. बातमी मात्र छापायची नव्हती.

भांडवल न्यूजरूममधल्या सहकाऱ्यांकडून आणि ओळखीपाळखीतून आलं. 32 जणांचे मिळून सुमारे 40 हजार डॉलर. चित्रं काढायला 18 वर्षांचा एक बेकार पोरगा मिळाला, त्याला मानधनाऐवजी पाच शेअर देऊन वाटेला लावलं. पहिले 1100 संच तयार झाले तेव्हा एका संचाला खर्च आला 75 डॉलर आणि दुकानदाराला तो विकला 15 डॉलरला. मंडईतली कोथिंबीरवालीही हा हिशोब ऐकून कपाळाला हात लावेल. खुद्द हेनीला इतकी धास्ती होती की आई पैसे घालायला निघाली, तर त्याने तिला परावृत्त केलं. बुडतील म्हणून.

1984 या एका वर्षात उत्तर अमेरिकेत 2 कोटी संच खपले. त्या घरी जेवायला बसल्यावर हा विषय काढायची बहुधा बंदी असावी.

यश आलं की दावेदारही येतात. सामान्यज्ञानाचा कोश लिहिणाऱ्या एका अमेरिकी गृहस्थांनी आपल्या पुस्तकात मुद्दाम एक खोटी नोंद पेरून ठेवली होती. टीव्हीवरच्या चुरगळल्या कोटातल्या डिटेक्टिव्ह कोलंबोचं पहिलं नाव ‘फिलिप’, अशी. ते नाव जसंच्या तसं खेळातल्या एका उत्तरात निघालं! उंदीर सापळ्यात. गृहस्थांनी 30 कोटी डॉलरचा दावा ठोकला. खेळवाल्यांनी शांतपणे सांगितलं, हो, तुमचं पुस्तक वापरलं, तशी इतरही वापरली. न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला, कारण तथ्यांवर कुणाची मालकी नसते. अशा गमतीजमतींवर पोट भरणाऱ्या माझ्यासारख्याला हा निकाल फार जवळचा वाटतो.

थेंबे थेंबे तळे आटे

व्हँकूव्हर शेअर बाजाराने जानेवारी 1982 मध्ये 1000 अंकांवर नवा निर्देशांक सुरू केला. बाजार बरा चालला होता, पण निर्देशांक रोज खाली. नोव्हेंबर 1983 पर्यंत तो 524.811 वर आला. चोर सापडला तो संगणकात. दिवसात हजारो वेळा निर्देशांक नव्याने मोजला जाई आणि दर वेळी दशांश चिन्हापुढचे तीन आकडे ठेवून बाकीचे कापून टाकले जात. पूर्णांकन नाही, सरळ कात्री. एका वेळी गळत होतं ते डोळ्यांना दिसणारही नाही एवढं. शुक्रवारी 524.811 वर बंद झालेला निर्देशांक दुरुस्ती करून सोमवारी 1098.892 वर उघडला. शनिवार-रविवारच्या सुट्टीत दुप्पट होणारी गुंतवणूक अशी ही एकच, आणि त्यात कुणाला दमडी मिळाली नाही. याच बाजाराला 1989 मध्ये ‘फोर्ब्स’ने जगातल्या घोटाळ्यांची राजधानी म्हटलं, ते मात्र संगणकामुळे नव्हे.

आधी रेडिओ की आधी स्टेशन?

टोरांटोच्या एका न्हाव्याचा मुलगा रॉय थॉमसन उत्तर ऑन्टॅरिओत रेडिओ विकत फिरत होता. खपणार कसे? त्या भागात धड काही ऐकूच येत नव्हतं. मग त्याने 1931 मध्ये नॉर्थ बेला स्वतःच रेडिओ केंद्र काढलं. गिऱ्हाईक आपसूक आलं. पुढे तो लंडनच्या ‘टाइम्स’चा मालक आणि लॉर्ड झाला. स्कॉटलंडमधला टीव्हीचा परवाना म्हणजे नोटा छापायचाच परवाना, हे त्याचं बोलणं फार गाजलं. खरं होतं, पण मोठ्याने बोलायला नको होतं.

टेड रॉजर्सने 1960 मध्ये नेमकं उलटं केलं. कायद्याचा विद्यार्थी असताना त्याने टोरांटोचं सीएचएफआय हे एफएम केंद्र 85 हजार डॉलरला घेतलं, पण शहरात एफएम लागणारे रेडिओ जेमतेम पाच टक्के घरांत. मग त्याने स्वस्त एफएम रेडिओ बनवून घेतले आणि श्रोते तयार केले.

अर्ध्या थिएटरचा मालक

सिनेमागृहांचा सम्राट गार्थ ड्रॅबिन्स्कीचा किस्सा मला या सगळ्यात आवडता आहे. टोरांटोत ‘इम्पीरियल’ नावाचं सहा पडद्यांचं थिएटर प्रतिस्पर्धी ‘फेमस प्लेअर्स’कडे होतं. पण गोम अशी की अर्धी जागा त्यांच्या मालकीची आणि अर्धी एका बाईंकडून भाड्याने. 1986 मध्ये भाडेकरार संपायला आला तेव्हा ड्रॅबिन्स्कीने त्या बाईंना गाठून त्यांचा अर्धा भाग आपल्या नावे करून घेतला आणि एका भल्या पहाटे मध्ये अडसर घालून राखणीला कुत्री बसवली! कायद्याने चोख. शेजारधर्माचं विचारू नका. आपल्याकडे भाऊबंदकीत वाड्याच्या मधोमध भिंत घालतात, तोच प्रकार, फक्त पडदा सिनेमाचा.

पुढे फेमस प्लेअर्सनेही आपला अर्धा भाग त्यालाच विकला, पण एक पाचर मारून ठेवली. तिथे सिनेमा म्हणून कधी दाखवायचा नाही. बरं, म्हणत ड्रॅबिन्स्कीने जुनं वैभव परत आणून 1989 मध्ये तिथे ‘फँटम ऑफ द ऑपेरा’ हे संगीतनाटक लावलं आणि धो धो चालवलं. आयत्या बिळावरचा नागोबा निदान कलासक्त निघाला. पण त्याच नाट्यधंद्याच्या हिशोबात आकडेही रंगवले गेले आणि 2009 मध्ये फसवणुकीबद्दल तो दोषी ठरला.

प्रेमाच्या पैशावर लोकशाही

‘टोरांटो स्टार’चे जोसेफ अ‍ॅटकिन्सन 1948 मध्ये वारले. पेपर धर्मादाय संस्थेला देऊन गेले, कारण नफ्याने गोरगरिबांचं भलं व्हावं. या पेपरच्या टीकेने हैराण झालेल्या प्रांत सरकारने पुढच्याच वर्षी कायदा केला की धर्मादाय संस्थेला कुठल्याही धंद्यात दहा टक्क्यांपेक्षा जास्त हिस्सा ठेवता येणार नाही. शेवटी 1958 मध्ये विश्वस्तांच्याच पाच घराण्यांनी अडीच कोटीच्या वर डॉलर मोजून पेपर घेतला, तोही अ‍ॅटकिन्सन यांची तत्त्वं पाळू असं न्यायालयाला वचन देऊन.

तत्त्वं पाळायला पैसा लागतो. तो बराच काळ कुठून आला? कॉलेजात वहीत लपवून वाचलेल्या मिल्स अँड बूनच्या प्रेमकथांमधून! विनिपेगमध्ये सुरू झालेल्या हार्लेक्विन प्रकाशनाने 1971 मध्ये मिल्स अँड बून घेतलं आणि 1975 मध्ये ‘स्टार’च्या कंपनीने हार्लेक्विनचा ताबा घेतला. कामगारांच्या हक्कांवरचे अग्रलेख उंच, सावळ्या, गर्विष्ठ नायकांच्या कमाईवर चालले. 2014 मध्ये हार्लेक्विन विकली गेली 45 कोटी 50 लाख डॉलरला. सहा वर्षांनी ‘स्टार’सकट सगळी वृत्तपत्र कंपनी गेली सुमारे 6 कोटींना. बाजारभाव म्हणतात तो हा.

स्वतःशी स्पर्धा न करण्याचे पैसे

कॉनरॅड ब्लॅकला 1959 मध्ये टोरांटोच्या नामांकित शाळेने काढून टाकलं. परीक्षेच्या प्रश्नपत्रिका चोरून विकल्या म्हणून. वय 14, पण पुरवठा आणि मागणीचं भान पक्कं. दहा वर्षांनी त्याने भागीदारांसोबत ‘शेरब्रूक रेकॉर्ड’ हा छोटासा पेपर घेतला आणि तिथून लंडनच्या ‘डेली टेलिग्राफ’पर्यंत मजल मारली. लॉर्ड व्हायचं होतं, पण कॅनडाच्या पंतप्रधानांनी खोडा घातला, तर याने 2001 मध्ये नागरिकत्वच सोडलं.

त्याच्या कंपनीची खासियत वेगळीच होती. पेपर विकला की खरेदीदार विक्रेत्याला ‘तुम्ही आता इथे दुसरा पेपर काढणार नाही’ या हमीचे पैसे देतो, ही रीतच. इथे तर कंपनीच्याच एका शाखेने साहेब आणि मंडळींना 55 लाख डॉलर दिले, आपल्याशी स्पर्धा करू नये म्हणून. त्या शाखेकडे तेव्हा उरलं होतं काय? कॅलिफोर्नियातल्या मॅमथ लेक्स या बर्फावर घसरायच्या गावातलं एक साप्ताहिक. लॉर्ड ब्लॅक तिथे जाऊन गावपत्र काढतील ही कल्पनाच हास्यास्पद आहे, असं अपिलात न्यायमूर्तींनीही लिहिलं.

मे 2005 मध्ये आपल्याच टोरांटोतल्या कार्यालयातून 13 खोकी बाहेर नेताना साहेब सुरक्षा कॅमेऱ्यात कैद झाले. 2007 मध्ये शिक्षा झाली. पुढे काही आरोप गळाले, एक फसवणुकीचा आणि एक न्यायात अडथळा आणल्याचा टिकला. सुटून आल्यावर त्याने डोनाल्ड ट्रम्पवर कौतुकाचं पुस्तक लिहिलं, 2018 मध्ये. 2019 मध्ये ट्रम्प यांनी माफी दिली. तारखांचा क्रम तेवढा बघा.

खिशातला फोन

रॉजर्सकडे परत येऊ. टेडच्या हयातीतच कंपनी अब्जावधींची झाली, त्याच्या पश्चात मुलगा एडवर्ड पुढे आला. सप्टेंबर 2021 मध्ये वित्तप्रमुखांच्या खिशातला फोन चुकून लागला, तो थेट मुख्याधिकाऱ्यांना. आपल्यालाच हटवायचा बेत त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकला. मग आई आणि दोन बहिणी एका बाजूला, एडवर्ड दुसऱ्या बाजूला आणि कंपनीला काही दिवस दोन-दोन संचालक मंडळं! मतदानाचे बहुतेक शेअर घराण्याच्या ट्रस्टकडे आणि ट्रस्टची सूत्रं एडवर्डकडे, म्हणून नोव्हेंबरमध्ये न्यायालयात तो जिंकला. ज्यांच्या खिशातला फोन लागला, तेच पुढे मुख्याधिकारी झाले.

आठ डॉलर

हैदराबादचे प्रेम वत्स आयआयटी मद्रासमधून केमिकल इंजिनिअर होऊन कॅनडात उतरले तेव्हा खिशात आठ डॉलर. एमबीएची फी भरायला दारोदार एअर कंडिशनर आणि घर तापवायच्या भट्ट्या विकल्या. उन्हाळा असो वा हिवाळा, गिऱ्हाईक पक्कं. 1985 पासून त्यांनी जी कंपनी उभी केली तिचं नाव फेअरफॅक्स, म्हणजे रास्त आणि मैत्रीचे सौदे या इंग्रजी शब्दांची जुळणी. धाकदपटशाने कंपनी गिळायची नाही, हे पाटीवरच. पर्यटनातली थॉमस कुक इंडियाही त्यांच्याच गोतावळ्यातली. आणि ‘डिजिट’ या विमा कंपनीत त्यांचे पैसे आहेत, तिचं नोंदणीकृत कार्यालय पुण्यात, शिवाजीनगरला, नरवीर तानाजी वाडीत. जुन्या एसटी स्टँडवरून रिक्षावाला मीटरने येणार नाही, इतकं जवळ.