चालीचे चित्रण : घरी बनविलेल्या साधनांचा अनुभव

वैद्यकीय मंडळाच्या स्मरणिकेत डॉक्टरांनी लिहिलेला लेख म्हटला की तो मधुमेहावर तरी असतो, नाहीतर युरोपच्या सहलीवर. प्रस्तुत लेख प्लास्टिकच्या नळ्या, बॉल बेअरिंगे आणि नटबोल्ट यांविषयी आहे. संपादकांनी विषय ऐकून क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि "लिहा" म्हणाले, त्याबद्दल त्यांचा आभारी आहे.

मी अस्थिरोगतज्ज्ञ. बडोद्यातील माझ्या व्यवसायाचा बराचसा भाग लहान मुलांच्या पायांशी निगडित आहे. जन्मतः वाकडी पावले, सेरेब्रल पाल्सीमुळे ताठर झालेले स्नायू, जुन्या दुखापती. अशा मुलांची तपासणी टेबलावर निम्मीच होते, उरलेली निम्मी मूल चालू लागल्यावर. आणि चाल ही अशी गोष्ट आहे की ती डोळ्यांसमोरून गेली की गेली. म्हणून २००५ साली मी मिनी डीव्ही जातीचा एक कॅमेरा विकत घेतला आणि शस्त्रक्रियेपूर्वीची व नंतरची चाल टिपून ठेवू लागलो. कॅमेरा हातात धरावयाचा, मुलाला व्हरांड्यातून चालावयास सांगावयाचे आणि बटण दाबावयाचे. यात शिकण्यासारखे काही असेल असे मला तेव्हा वाटले नव्हते.

२००६ साली सात वर्षांच्या एका मुलाची टाचेमागील शीर मी लांबविली. दोन्ही पायांत ताठरपणा असलेला हा मुलगा चवड्यांवर चालत असे. शस्त्रक्रियेनंतर टाचा टेकू लागल्या. आई आनंदली, मीही आनंदलो. पाच-सहा महिन्यांनी वडील त्याला घेऊन आले. हा गृहस्थ कारखान्यात फिटर होता. मोजमापाची नजर असलेला माणूस. तो म्हणाला, "साहेब, टाच टेकते हे दिसतंय. पण गुडघ्यातून तो आधी इतका वाकत नव्हता ना?"

ताठर पायांच्या मुलांत टाचेची शीर गरजेपेक्षा अधिक लांबविली गेली, किंवा गुडघ्यामागील स्नायूंचा आखडलेपणा विचारात न घेता केवळ टाचेचीच शस्त्रक्रिया केली, तर मूल गुडघ्यांत वाकून चालू लागते, हे आपण सर्वांनी पाठ्यपुस्तकात वाचलेले आहे. प्रश्न एवढाच होता की गुडघ्याचा वाक आधीपासून होता आणि माझ्या नजरेतून सुटला, की तो माझ्या शस्त्रक्रियेने आला? उत्तर माझ्या कपाटातील टेपमध्ये असावयास हवे होते. मी टेप लावली. व्हरांड्याच्या कोपऱ्यात उभे राहून, छातीच्या उंचीवरून, तिरक्या कोनातून घेतलेले ते चित्रण. मूल माझ्याकडे येत होते आणि मी हौसेने झूम पुढेमागे करीत होतो. गुडघा किती वाकला आहे हे त्यात पाहणे सर्वथा अशक्य होते. मी वडिलांना तसे सांगितले. ते काही बोलले नाहीत. मुलाला पुढे जमिनीची प्रतिक्रिया गुडघ्याकडे वळविणारे कॅलिपर द्यावे लागले आणि दोन वर्षांनी गुडघ्यामागील स्नायूंची शस्त्रक्रियाही करावी लागली.

त्या रात्री मी प्रथमच कागदावर आकृती काढून विचार केला. गुडघ्याचा वाक खरा दिसावयाचा तर कॅमेरा मुलाच्या बरोबर बाजूस, त्याच्या चालण्याच्या रेषेशी काटकोनात हवा. समजा, कॅमेरा त्या रेषेपासून ४ मीटर अंतरावर स्थिर उभा केला आणि मूल ६ मीटर चालले. मूल मध्यावर असताना कोन अचूक आहे. परंतु ते मध्यापासून १ मीटर सरकले की आपली दृष्टी १४ अंशांनी तिरकी होते आणि टोकाला, ३ मीटरवर, सुमारे ३७ अंशांनी. कॅमेरा मानेसारखा वळवून मुलाचा पाठलाग केला तरी हा तिरकेपणा जात नाही. फक्त मूल चौकटीच्या मध्यभागी राहते, आणि त्यामुळे सगळे ठीक चालले आहे असा भ्रम मात्र होतो. उपाय एकच. कॅमेऱ्यानेही मुलाच्या बरोबरीने, समांतर रेषेत चालावयाचे. चित्रपटवाले रुळांवरून ढकलत्या गाडीवर कॅमेरा नेतात ते सौंदर्यासाठी. मला ते कोनासाठी हवे होते.

तयार गाडी आणि रूळ यांची किंमत विचारल्यावर मी तो नाद सोडला आणि मकरपुरा औद्योगिक वसाहतीतील एका लेथवाल्या मित्राकडे गेलो. त्याने जे सुचविले ते पुढीलप्रमाणे.

दीड इंची पीव्हीसी पाइप हा रूळ. गाडीचे फळकूट १८ मिलिमीटरच्या प्लायवूडचे. त्याच्या खाली दोन्ही बाजूंस एक इंची अॅल्युमिनियमचे अँगल असे बसवावयाचे की त्यांची घडी वर आणि दोन पाख्या खाली, घराच्या छपरासारख्या. प्रत्येक अँगलला चार बेअरिंगे, दोन या पाखीला व दोन त्या पाखीला. अशी एकूण आठ बेअरिंगे पाइपाला दोन्ही बाजूंनी तिरकी टेकतात, त्यामुळे गाडी रुळावरून घसरत नाही आणि तिला वेगळी कड असलेली चाके लागत नाहीत. बेअरिंग ६०८ क्रमांकाचे घ्यावे. स्केटिंगच्या चाकांत असते तेच. आतील भोक ८ मिलिमीटर, बाहेरील व्यास २२ आणि जाडी ७. त्यात ८ मिलिमीटरचा साधा बोल्ट बरोबर बसतो. दोन गोष्टी मात्र मी चुकून शिकलो. बेअरिंग आणि अँगल यांच्यामध्ये एक लहान वॉशर घातला नाही तर बाहेरील कडे अँगलला घासते आणि गाडी कुरकुरत अडखळते. दुसरे म्हणजे, समोरासमोरच्या पाख्यांना भोके अगदी समोरासमोर पाडू नयेत, थोडी पुढेमागे पाडावीत, अन्यथा आतील बाजूस बोल्टांची टोके एकमेकांवर आदळतात. मी पहिला अँगल याच कारणाने वाया घालविला.

पाइप दहा फुटी घेतले. दोन जोडले की सहा मीटरांहून थोडी अधिक लांबी होते. सांध्यावर गाडी उडते आणि चित्र हिसका खाते, त्याकरिता पाइपाच्या पोकळीत वीतभर लाकडी खुंटी घट्ट बसविली व सांधा काचकागदाने घासून घेतला. शिवाय दोन रुळांचे सांधे समोरासमोर येऊ न देता एका रुळावर लांब तुकडा आधी व दुसऱ्यावर नंतर ठेवला. रुळांतील अंतर कायम राहावे म्हणून तीन ठिकाणी लोखंडी पट्ट्यांनी ते एकमेकांस बांधले आहेत. सर्व खर्च त्या वेळी दीड हजार रुपयांच्या आत आला, त्यात मित्राने पाजलेला चहा धरलेला नाही.

कॅमेऱ्याच्या तळाशी जे भोक असते त्याविषयी थोडे लिहिणे आवश्यक आहे, कारण घरगुती साधने बनविणारे बहुतेक जण येथेच फसतात. त्या भोकाचा आटा पाव इंची, इंचाला वीस आट्यांचा असतो. आपल्याकडे सहज मिळणारा ६ मिलिमीटरचा बोल्ट त्याच्या इतका जवळचा आहे की तो दोन वेढे जातोदेखील. परंतु त्याचे आटे १ मिलिमीटर अंतरावर असतात आणि कॅमेऱ्याचे १.२७ मिलिमीटरवर. जोर केला की कॅमेऱ्यातील आटा कायमचा खराब होतो. मांडवीकडे चार दुकाने फिरलो, "हाच चालतो, साहेब" असे चारही ठिकाणी ऐकले आणि पाचव्या दुकानात खरा पाव इंची बोल्ट मिळाला. अधिक खोल जाऊन तो कॅमेऱ्याच्या तळावर आतून दाबू नये, याकरिता फळीतून वर त्याचे पाच मिलिमीटरच टोक ठेवावे.

रुग्णालयाच्या तळमजल्यावर वाहने लावण्याची जागा आहे. सकाळी ती रिकामी असते आणि तेथे भरपूर उजेड येतो. या उजेडाचे महत्त्व मला उशिरा उमगले. जुन्या चोकच्या ट्यूबलाइटचा प्रकाश आपल्या वीजपुरवठ्यावर सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. कॅमेऱ्याचा शटर वेगवान ठेवला तर एक चित्र उजळ आणि पुढचे मंद येते. शटर एक पन्नासांश सेकंदावर ठेवला तर हा दोष जातो, पण सेकंदाला ३ मीटर वेगाने पुढे येणारे पाऊल तेवढ्यात ६ सेंटिमीटर सरकते आणि त्याचा नुसता पुसट पट्टा उमटतो. एक अडीचशांश सेकंदावर तेच सरकणे १.२ सेंटिमीटर होते. तेव्हा दिवसाचा उजेड हाच दिवा.

चित्रांच्या संख्येचीही तीच गोष्ट. प्रौढ माणसाचे चालण्याचे एक आवर्तन साधारण एका सेकंदाचे असते. त्यातील साठ टक्के वेळ पाय जमिनीवर आणि चाळीस टक्के हवेत. पाऊल जमिनीला प्रथम स्पर्श करते तो टप्पा आवर्तनाच्या पहिल्या दोन टक्क्यांचा, म्हणजे सेकंदाचा पन्नासावा भाग. माझा जुना कॅमेरा सेकंदाला २५ चित्रे घेई. टाच आधी टेकली की चवडा, हा आमच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा क्षण दोन चित्रांच्या मध्येच निसटून जाऊ शके. त्या कॅमेऱ्याचे प्रत्येक चित्र दोन अर्धचित्रांचे बनलेले असे. संगणकावर ती सुटी केली की सेकंदाला ५० मिळत, आणि त्यावर मी अनेक वर्षे काम भागविले. आज खिशातला मोबाइल १२० किंवा २४० चित्रे घेतो, हा प्रश्नच उरलेला नाही.

सांधे ओळखू यावेत म्हणून खुब्याचा बाहेरील उंचवटा, गुडघ्याची बाहेरील बाजू, घोट्याचे बाहेरील हाड, टाच आणि करंगळीचे मूळ या ठिकाणी खुणा लावावयाच्या असतात. त्यासाठी माझ्या पत्नीने मोठ्या काळ्या टिकल्यांचे पाकीट पुढे केले. ते इतके उपयुक्त ठरले की पुढे मुलांच्या आयाच आपली पाकिटे काढून देऊ लागल्या. गोऱ्या कातडीवर काळी, सावळ्यावर पांढरी. भिंतीलगत दर दहा सेंटिमीटरला काळी-पांढरी रंगविलेली पट्टी ठेवली की पावलाची लांबीही मोजता येते. मात्र पट्टी मुलाच्या चालण्याच्या रेषेतच हवी, तिच्या मागे दूर ठेवली तर माप फसवे येते. कॅमेऱ्याची उंची मीटरभर उंचीच्या मुलासाठी जमिनीपासून अर्धा मीटर धरतो आणि अंतर दर वेळी तेच. ते विसरू नये म्हणून जमिनीवर तेलरंगाच्या रेघा मारल्या आहेत. सोसायटीच्या सचिवांनी त्याबद्दल दोनदा पत्र पाठविले.

हातात धरावयाचे स्थैर्ययंत्रही मी करून पाहिले. अमेरिकेतील गॅरेट ब्राउन यांनी शोधलेले स्टेडिकॅम १९७६ सालच्या 'रॉकी' चित्रपटामुळे प्रसिद्ध झाले. त्याचे तत्त्व डोंबाऱ्याच्या हातातील लांब काठीचे आहे. वजने मध्यापासून दूर नेली की वस्तू सहज वळत नाही, आणि हा विरोध अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. एका नळीच्या वरच्या टोकाला कॅमेरा, खालच्या टोकाला वॉशरांचे ओझे, आणि धरावयाची मूठ गुरुत्वमध्याच्या किंचित वर. नळी आडवी करून सोडल्यावर दोन-तीन सेकंदांत उभी झाली तर तोल बरोबर. माझे यंत्र तोललेले होते, पण पंधरा मिनिटांत मनगट भरून येई आणि आता काही हजारांत मिळणारे मोटारीचे गिंबल ते काम अधिक चांगले करते. त्याची शिफारस मी करणार नाही. त्याउलट खेड्यातील शिबिरासाठी सर्वांत साधे साधन मात्र अवश्य बाळगावे. पाव इंची बोल्टाला बांधलेली सुतळी, खालच्या टोकाला फासा. फाशात पाऊल घालून कॅमेरा वर ताणून धरला की वरखाली होणारा कंप बराच थांबतो आणि उंचीही दर वेळी एकसारखी राहते. खर्च पाच रुपये.

मोबाइल वापरणाऱ्यांस एक सूचना. त्यातील स्थिरीकरणाची सोय रुळावर असताना बंद ठेवावी. ती सोय चौकटीच्या कडा कापून चित्र आतल्या आत सरकविते. डोळ्याला ते गोड वाटते, पण मोजमाप बिघडते. रुंद भिंगही टाळावे, त्यात कडेच्या सरळ रेषा वाकतात. आणि पालकांची लेखी संमती कॅमेरा काढण्यापूर्वी घ्यावी. डोळ्यांवर काळी पट्टी मारली म्हणजे मूल ओळखू येत नाही, ही समजूत खोटी आहे. मुलाला त्याच्या चालीवरूनच सारी गल्ली ओळखते.

हा सारा खटाटोप डॉक्टरांना शोभतो का, असे एका ज्येष्ठ सभासदांनी मला विचारले होते. मूळ खटाटोप डॉक्टरांचाच आहे. १८८२ साली बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा बनवून सेकंदाला बारा चित्रे टिपणारे एतिएन-ज्यूल मारे हे शरीरक्रियाशास्त्रज्ञ वैद्यच होते. घोड्यांच्या चित्रांसाठी गाजलेल्या मायब्रिज यांनी १८८५ साली फिलाडेल्फियात डॉ. डरकम या मज्जाविकारतज्ज्ञांच्या रुग्णांची चाल चित्रित केली. आपल्याकडील उदाहरणे तर घरचीच आहेत. बडोद्याच्या कलाभवनात शिकलेल्या दादासाहेब फाळके यांनी पूर्ण चित्रपटाला हात घालण्यापूर्वी रोपाची वाढ रोज थोडी थोडी टिपून दाखविली, आणि कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी दामल्यांना हाताशी घेऊन कॅमेराच घरी बनविला. त्यांचा 'सैरंध्री' १९२० साली पडद्यावर आला. लेथ आणि कानस यांच्यापलीकडे त्यांच्याजवळ फारसे काही नव्हते.

तो फिटरचा मुलगा गेल्या वर्षी आला होता. आता तो स्वतः नोकरी करतो. चाल पूर्ण सरळ नाही, थोडी वाकलेली आहे, पण कोणाच्या आधाराविना. २००८ नंतरची त्याची सारी चित्रणे मी त्याला शेजारी शेजारी लावून दाखविली, गुडघा वर्षागणिक किती उघडला तेही मोजून दाखविले. त्याने पहिली टेप मागितली. मी लावली. तो बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "यात काहीच दिसत नाही, डॉक्टरकाका." मी "नाही" म्हणालो.

पाइप आता दुसऱ्यांदा बदलले आहेत. उन्हात भिंतीला टेकवून ठेवल्यास ते वाकतात, म्हणून जिन्याखाली आडवे ठेवतो. कोणा सभासदास मापे घ्यावयाची असल्यास सकाळी नऊपूर्वी यावे, त्यानंतर रुळांच्या जागेवर स्कूटर लागतात.