जुन्या स्पोर्ट्स कारचा एसी बंद पडलाय?

हौसेने जपलेली माझदा मियाटासारखी जुनी स्पोर्ट्स कार भर उन्हाळ्यात बाहेर काढावी आणि एसीने गरम हवा फेकावी, की सगळा मूडच जातो. पण घाईने महागडा कॉम्प्रेसर बदलण्याआधी हे तपासून पाहा :

• एसी लावल्यावर 'टक्' आवाज होऊन कॉम्प्रेसरचा क्लच फिरत नसेल, तर आधी फ्यूज आणि रिले पाहा.

• ते ठीक असतील तर बहुधा गॅस कमी झालेला असतो. अशा वेळी प्रेशर स्विच कॉम्प्रेसर बंद ठेवतो. स्विचला वायर जोडून तो जबरदस्तीने चालवू नका. ऑइल गॅससोबतच फिरतं, त्यामुळे कॉम्प्रेसर जाम होऊ शकतो.

• नुसता गॅस भरून घेऊ नका, गळती शोधा. पाइपच्या जोडावर तेलकट डाग दिसला, तर तिथली रबरी ओ-रिंग कडक झालेली असू शकते. ती अगदी स्वस्त असते.

• 1993 पर्यंतच्या मियाटात ओझोनला घातक आर-12 गॅस असे, 1994 पासून आर-134ए आला. दोन्ही कधीच मिसळू नका. गॅस बदलताना योग्य ऑइल आणि नवा ड्रायरही बसवून घ्या.

गॅसचे पाइप मात्र स्वतः उघडू नका. उडालेल्या गॅसने डोळ्यांना इजा होऊ शकते. हे काम एसी मेकॅनिकवरच सोपवा.