मद्यत्याग आणि सभेची सोबत

मद्य हे मेंदूचे कार्य मंदावणारे द्रव्य होय. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याचा मेंदू त्याची भरपाई म्हणून आपली उत्तेजना वाढवून घेतो. मद्य एकाएकी तोडले की ती उत्तेजना मोकाट सुटते. पहिल्या काही दिवसांत कंप, झटके, भ्रम, प्रसंगी मृत्यूही ओढवतो. म्हणून अशा माणसाने आधी डॉक्टर गाठावा, मग सभा.

ही सभा ‘अल्कोहॉलिक्स अ‍ॅनॉनिमस’ची. १९३५ साली अमेरिकेत दोन मद्यासक्तांच्या भेटीतून ही संघटना जन्मली. मद्य सोडण्याची इच्छा एवढीच तिची अट. वर्गणी नाही, आडनावाची पृच्छा नाही. नवख्याने नुसते ऐकत बसले तरी चालते. कुटुंबीयांनी मात्र सभा ‘खुली’ आहे ना, हे आधी विचारून घ्यावे. २०२० साली २७ अभ्यासांची छाननी झाली. तीत ह्या मार्गाशी पद्धतशीरपणे जोडून दिलेल्या रुग्णांत पूर्ण मद्यत्याग इतर मानसोपचारांपेक्षा अधिक टिकल्याचे आढळले.

जयपूर-आग्रा मार्गावरील कानोत्यासारख्या गावी चौकशी कोठे करावी? १४४४६ ह्या निःशुल्क राष्ट्रीय क्रमांकावर समुपदेशन मिळते, जवळच्या केंद्राची माहितीही. ओळखीचे चेहरे भेटण्याचा संकोच वाटत असेल, तर जयपूर शहरातील सभेस जाण्यास कोणाचीच आडकाठी नसते.